सैरंध्रीच्या वनात

केरळ राज्याच्या पालक्काड जिल्ह्यात मन्नारकाड नावाचे एक गाव आहे. गावाला लागून कुंतीपुळा नावाची नदी वाहते. मलयाळी भाषेत 'पुळा' म्हणजे नदी. तेव्हा कुंतीपुळा म्हणजे कुंती नदी. पांडवांच्या मातेचे नाव या नदीला कोणी व केव्हा दिले कोण जाणे, परंतु वनवासात पांडव या बाजूस आले होते असे येथील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. मन्नारकाडची मुले या नदीच्या काठी वाढतात, तिच्या वाळूत खेळतात. ती वरच्या डोंगरातून येते एवढे सर्वांनाच ठाऊक असते. त्या डोंगरात काय आहे, हे मात्र फारच थोड्यांनी पाहिलेले असते.

जानेवारी महिन्याच्या अखेरीस एका शनिवारी पहाटे गावातील एका शाळेची सातव्या इयत्तेतील बावीस मुले-मुली ते डोंगर पाहण्यास निघाली. बरोबर त्यांचे गुरुजी होते. मुले त्यांना 'माष' म्हणत. मलयाळी मुलांची गुरुजींना हाक मारण्याची ही रीत आहे.

घाट चढून गाडी मुक्काली येथे पोहोचली तेव्हा धुके अजून विरले नव्हते. मुक्काली हे अट्टप्पाडीच्या डोंगराळ मुलखातील एक लहानसे गाव. येथेही एक नदी खळाळत होती. ती आपलीच कुंती असावी असे समजून काही मुले धावत काठाशी गेली. गुरुजी हसून म्हणाले, "ही कुंती नव्हे, ही भवानी. हिची वाट अगदी उलटी आहे. ही पूर्वेकडे जाते, तामिळनाडूत कावेरीला मिळते आणि कावेरीबरोबर बंगालच्या उपसागराकडे जाते. आपली कुंती पश्चिमेकडे भारतपुळेला मिळते आणि पोन्नानीपाशी अरबी समुद्रात जाते." एकाच डोंगररांगेवर पडणारा पाऊस दोन वेगळ्या समुद्रांकडे निघतो, याचे मुलांना मोठे नवल वाटले. दोघे-तिघे तर डोंगरमाथ्याकडे पाहू लागले. जणू पाणी जेथे दुभंगते ती रेघ त्यांना तेथे दिसणार होती!

मुक्कालीच्या वनखात्याच्या ठाण्यावर नावे नोंदविल्यावाचून पुढे जाता येत नाही. तेथूनच एक वाटाडे मुलांबरोबर आले. ते मुडुगर या तेथील आदिवासी जमातीतील होते. वय पन्नाशीच्या घरात, अंगकाठी सडपातळ, बोलणे अगदी थोडे. मुले त्यांना 'चेट्टा' म्हणू लागली. केरळात थोरल्या भावाला अशी हाक मारतात. वाटाड्यांनी मुलांना एकच सूचना दिली. "तुम्ही पाहुणे आहात. घरची मंडळी झोपली असतील, जेवत असतील. त्या बेताने आवाज करा."

मुक्कालीपासून सैरंध्री तेवीस किलोमीटर आहे. हा रस्ता वनखात्याच्या जीपगाडीनेच जावा लागतो व त्याला दीड तास तरी लागतो. पहिली काही मिनिटे मुले शांत होती. पुढे मात्र खड्ड्यांतून गाडी उसळू लागली तशी हसणे-ओरडणे सुरू झाले. इतक्यात एका वळणावर पुढच्या जीपमधील एका मुलाला झाडावर काळी आकृती दिसली. वर्गातील सर्वांत मोठा आवाज त्याचाच होता. तो उभा राहून ओरडला, "सिंहवालन! सिंहवालन!"

क्षणार्धात पाच-सहा काळी वानरे या फांदीवरून त्या फांदीवर झेपावत दिसेनाशी झाली. मागच्या जीपमधील मुलांना हलणाऱ्या डहाळ्यांवाचून काहीच दिसले नाही.

वाटाड्यांनी त्या मुलाला विचारले, "शेपटी पाहिलीस का?"

"नाही, चेट्टा."

"चेहऱ्याभोवती पांढरी आयाळ होती?"

"तेवढे नाही पाहिले."

"मग नाव कशावरून दिलेस?"

मुलगा ओशाळला. ते निलगिरी वानर होते. तेही काळे असते, परंतु त्याचे डोके तपकिरी असते आणि शेपटी लांब व गोंड्यावाचून असते. 'सिंहवालन' म्हणजे सिंहासारख्या शेपटीचा. त्याच्या काळ्याभोर चेहऱ्याभोवती करड्या-पांढऱ्या केसांचे मोठे वलय असते व शेपटीच्या टोकाशी केसांचा झुबका असतो. ही जात सह्याद्रीच्या दक्षिण भागातील अरण्यांत, म्हणजे कर्नाटक, केरळ व तामिळनाडू या तीन राज्यांतच आढळते. पृथ्वीवर इतरत्र कोठेही ती रानात राहत नाही. आणि जी आहे तीही काही हजारांच्या आतबाहेरच उरली आहे.

सैरंध्रीला मुले गाडीतून उतरली. अज्ञातवासात विराटाच्या घरी द्रौपदी दासी होऊन राहिली, तेव्हा तिने सैरंध्री हे नाव घेतले होते. तेच नाव या जागेचे, आणि भोवतालच्या साऱ्या रानाला जुनी माणसे सैरंध्रीवनम् म्हणत. इंग्रजांनी या दरीला 'सायलेंट व्हॅली', म्हणजे निःशब्द दरी, असे नाव दिले. रॉबर्ट वाइट हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४७ साली येथील वनस्पतींची पाहणी करून गेला. इतर रानांत दिवसभर किर्र आवाज करणारे कीटक असतात, ते या रानात नव्हते, म्हणून ते नाव पडले असे कोणी सांगतात. सैरंध्री या शब्दाचाच तो इंग्रजी अपभ्रंश असावा, असेही कोणी म्हणतात.

मुले कान देऊन उभी राहिली. दरी निःशब्द मुळीच नव्हती. कीटकांची किरकिर होतीच. शिवाय कोठेतरी खाली पाण्याचा एकसारखा घोष चालू होता. जवळच्या झाडातून एक सुरेल शीळ आली, तिच्यामागून दुसऱ्याच एका पक्ष्याची कर्कश हाक आली, आणि तिसरा आवाज तर मांजराच्या ओरडण्यासारखा आला. मुलांनी तीन पक्षी शोधण्यास आरंभ केला. सापडला मात्र एकच. काळा, चकचकीत, आणि शेपटीतून दोन लांब तारा निघून त्यांच्या टोकाला एक-एक पीस लोंबत असलेला असा तो भृंगराज होता. इतर पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. आपण फसलो हे कळताच मुलांना हसू आवरेना. परंतु या वेळी ती तोंडावर हात ठेवून हसली.

पायवाटेने रानात शिरताच उजेड एकदम कमी झाला. बाहेर नऊ वाजून गेले होते व ऊन चांगलेच पडले होते. आत मात्र नुकते उजाडल्यासारखे वाटत होते. मान मागे टाकून पाहिले, तरी पुष्कळ झाडांचे शेंडे दिसत नव्हते. वर पानांचे छत एकमेकांत इतके गुंतले होते, की त्यातून आकाशाचे लहान-लहान तुकडेच तेवढे दिसत. त्या छताच्या खाली मध्यम उंचीची झाडे, त्यांच्याखाली वेताची जाळी, नेचे, झुडपे, आणि सर्वांत खाली काळपट पाचोळा. उंच वृक्षांच्या बुंध्यापासून फळीसारखी रुंद मुळे चहूकडे निघाली होती. अशा दोन मुळांच्या मध्ये चार मुले सहज मावली. येथील मातीत मुळे फार खोल जात नाहीत. म्हणून एवढा उंच वृक्ष वाऱ्यात तोलून धरण्यासाठी ही आधाराची भिंत असते.

झाडांच्या अंगावरही एक वेगळेच रान उगवले होते. खोडांवर शेवाळाचे हिरवे अस्तर, फांद्यांच्या बेचक्यांत नेचे, आणि कोठे कोठे आमरीचे झुबके. मुलांपैकी एकाला वाटले, ही आमरी झाडाचा रस शोषून जगत असावी. गुरुजींनी सांगितले, की तसे नाही. बांडगूळ झाडाचा रस घेते. आमरी केवळ बसायला जागा घेते. खाली अंधार आहे, वर उजेड आहे. उजेडापर्यंत स्वतःच्या खोडाने पोहोचण्याचे बळ नाही म्हणून ती दुसऱ्याच्या फांदीवर बसते आणि पावसाच्या व धुक्याच्या ओलाव्यावर जगते.

वाटाडे थांबले. त्यांनी एका मुलीला खाली वाकण्यास सांगितले. "या पाचोळ्यात हात घाल."

मुलगी जरा कचरली. तिने आधी काठीने पाचोळा उकरून पाहिला व मग हात घातला. वरची पाने कोरडी होती, त्यांच्याखालची मऊ व ओली, आणि त्याखाली पाने उरलीच नव्हती. काळी, भुसभुशीत, थंडगार माती होती. मूठ वळताच बोटांच्या फटींतून पाणी आले.

"येथे शेवटचा पाऊस केव्हा पडला?" गुरुजींनी विचारले.

"मोठा पाऊस पडून दीड महिना झाला," वाटाडे म्हणाले.

दीड महिन्यापूर्वीचे पाणी त्या मुलीच्या मुठीत होते! या दरीत वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील पुष्कळसा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उघड्या डोंगरावर एवढा पाऊस पडला, तर तो माती घेऊनच खाली धावेल. येथे त्याला तसे धावता येत नाही. तो प्रथम वरच्या छतावर पडतो, तेथून पानापानांवर थबकत, खोडांवरून ओघळत खाली येतो. खाली पाचोळा त्याला झेलतो व माती त्याला जिरवून घेते. मग वर्षभर ती माती तो थोडा-थोडा सोडीत राहते. कुंतीचे पाणी उन्हाळ्यातही आटत नाही व दरीत असताना ते स्फटिकासारखे स्वच्छ असते, ते यामुळेच. मुलीने मूठ उघडली आणि ती माती जेथून घेतली होती तेथेच पुन्हा ठेवली. एरवी तिने ती झटकून टाकली असती.

या मातीची आणखी एक गोष्ट गुरुजींनी सांगितली, ती मुलांना सहसा खरी वाटेना. एवढी झाडी पोसणारी जमीन फार कसदार असेल असे कोणालाही वाटेल. परंतु येथील कस जमिनीत फारसा साठलेला नसतो. तो झाडांतच असतो. पान गळते, बुरशी, वाळवी व किडे ते कुजवतात, आणि त्यातून निघालेले सत्त्व मुळे लगेच वर ओढून घेतात. म्हणून असे रान एकदा तोडले, की उरलेला कस दोन-चार पावसाळ्यांत वाहून जातो, आणि त्या उघड्या जमिनीवर पूर्वीसारखे रान सहजासहजी उगवत नाही.

एवढ्यात एक मुलगा किंचाळता किंचाळता थांबला. त्याच्या घोट्यावर जळू चिकटली होती. पावसाळ्यात या रानात जळवांचा नुसता सुळसुळाट असतो. थंडीत ओलसर जागी एखाद-दुसरी भेटते. ती नेमकी याला भेटली! वाटाड्यांनी कमरेच्या पिशवीतून चिमूटभर मीठ काढून जळूवर टाकले. ती गळून पडली, रक्त मात्र बराच वेळ वाहत राहिले. जळू चावताना रक्त गोठू न देणारा एक रस जखमेत सोडते; त्यामुळे तिचे जेवण झाल्यावरही आपले रक्त थांबत नाही. वेदना म्हणावी तर काहीच नव्हती. तो मुलगा पुढे दिवसभर आपला पाय सर्वांना दाखवीत हिंडला.

वाटेत एका उंच झाडाच्या ढोलीकडे वाटाड्यांनी बोट केले. ढोलीचे तोंड लिंपून बंद केलेले होते. मधे एक अरुंद फट तेवढी राहिली होती. वाफेचे इंजिन दुरून यावे तसा फस्‌फस्‌ आवाज करीत एक प्रचंड पक्षी आला. पिवळी, वाकडी, मोठी चोच, चोचीवर तेवढ्याच रंगाचे शिरस्त्राण, आणि काळ्या-पांढऱ्या पंखांचा विस्तार एवढा, की त्याची सावली वाटेवरून सरकत गेलेली मुलांनी पाहिली. हा महाधनेश, केरळचा राज्यपक्षी. ढोलीत मादी स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवीत असते. नर दिवसातून कितीतरी वेळा फळे आणतो आणि त्या फटीतून तिच्या चोचीत देतो. या दिवसांत नराला काही अपाय झाला, तर आतील मादीची व पिलांची उपासमार होते. या नराने गळ्यात साठविलेली उंबरे एक-एक करून वर काढली व भरविली. मुलांनी मोजली, ती अकरा भरली. मग तो पंखांचा तोच आवाज करीत दरीपलीकडे गेला. त्याच्या पोटातून पडलेल्या बिया कोठेतरी रुजतील आणि त्यांतून वाढलेल्या एखाद्या झाडात पुढे एखाद्या धनेशाला ढोली मिळेल. परंतु तशी ढोली होण्याइतके झाड म्हातारे व्हायला माणसाचे एक आयुष्य पुरत नाही.

पुढे शेकरूही दिसले. तांबूस, गुबगुबीत, लांब झुपकेदार शेपटीची ही मोठी खार एका फांदीवर मागचे पाय रोवून, उलटी लोंबत, फळ खात होती. महाराष्ट्राने राज्यप्राणी म्हणून गौरविलेले शेकरू ते हेच. भीमाशंकरच्या रानात ते आहे आणि शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या दरीतही आहे. कारण डोंगर एकच, सह्याद्री.

अकरा वाजत आले. सिंहवालन काही दिसला नव्हता. मुलांचे पाय दुखू लागले होते. पुढे वेडीप्लावू नावाच्या झाडांची एक दाटी लागली. ही झाडे या रानात पुष्कळ आहेत. त्यांचे फळ काटेरी, लहानशा फणसासारखे असते. म्हणूनच नावात 'प्लावू', म्हणजे फणसाचे झाड, हा शब्द आला आहे. फळांचा हंगाम अजून दूर होता, परंतु फांद्यांना चिकटून तपकिरी-पिवळसर फुलांचे घोस लागले होते. वाटेवर तशी पुष्कळ फुले पडली होती. वाटाड्यांनी एक फूल उचलले, ते कुरतडलेले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवले व सर्वांना खाली बसण्याची खूण केली.

बावीस मुले ओल्या वाटेवर बसली. मोठ्या आवाजाच्या मुलाने तर स्वतःचे तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. एका मुलीला शिंक येऊ लागली. तिने नाक असे घट्ट धरले, की डोळ्यांतून पाणी आले. वरून एक फूल पडले. मग दुसरे पडले. आणि पानांच्या फटीतून एक काळा चेहरा खाली पाहू लागला. चेहऱ्याभोवती पांढरट आयाळ होती. बराच वेळ त्याने मुलांकडे पाहिले. ही माणसे नुसती बसून आहेत असे पाहून त्याने तोंड फिरविले आणि फुले ओरबाडून खाण्यास सुरुवात केली. त्याच्या मागून दुसरा आला, तिसरा आला. एका मादीच्या पोटाला पिलू बिलगले होते. काही जण फुले चघळून टाकीत होते, काही गालांच्या पिशव्या भरून घेत होते, एक जण सालीखालचे किडे वेचीत होता. मोठ्या आवाजाच्या मुलाने प्रत्येकाची शेपटी नीट पाहिली, टोकाचा झुबका पाहिला, आणि बोटांवर मोजून चौदा असे हातानेच सांगितले.

कळप पुढे निघाला तेव्हा त्याची वाट सर्वांना स्पष्ट दिसली. एकही वानर जमिनीवर उतरले नाही. या झाडाच्या फांदीवरून त्या झाडाच्या फांदीवर, छताखालच्या त्या उंच रस्त्यानेच सारी गेली. एका ठिकाणी जुने झाड पडून छताला मोठे खिंडार पडले होते. कळप तेथे थबकला, काठाकाठाने लांबचा वळसा घालून पलीकडे गेला. पिलू घेतलेली मादी सर्वांत शेवटी गेली.

सैरंध्रीला परतल्यावर मुले सुमारे तीस मीटर उंचीच्या टेहळणी-मनोऱ्यावर थोडी-थोडी करून चढली. तेथून सारी दरी एका दृष्टीत येते. उत्तरेला निलगिरीचे उंच कडे, चहूबाजूंना डोंगरांची भिंत, आणि मध्ये हिरव्या रंगाच्या किती छटा असू शकतात ते सांगणारे पठार. या भिंतीमुळेच माणसाची कुऱ्हाड येथवर फारशी पोहोचली नाही. १९१४ साली सरकारने हे राखीव जंगल ठरविले. खाली झाडीच्या फटीतून पाण्याची पांढरी रेघ चमकत होती. ती कुंती. मन्नारकाडच्या मुलांनी आपली नदी या रूपात प्रथमच पाहिली.

"या जागेच्या आसपासच नदीवर धरण होणार होते," गुरुजी म्हणाले.

वीज निर्माण करण्यास ही जागा उत्तम आहे, असे १९२८ सालीच हेरण्यात आले होते. पुढे १९७३ नंतर धरणाची योजना हाती घेण्याचे ठरले. त्या धरणाच्या जलाशयाखाली ८.३ चौरस किलोमीटर रान बुडणार होते. आकडा लहान वाटतो. परंतु ते रान दरीच्या तळाचे, नदीकाठचे, सर्वांत दाट. आणि ते बुडाले असते तर उरलेल्या रानाच्या मधोमध पाणी पसरले असते. मुलांना मघाचे खिंडार आठवले. एका पडलेल्या झाडासाठी वळसा घालणारी वानरे एवढे पाणी कशी ओलांडणार?

तेव्हा ज्या मुलीने मातीत हात घातला होता, ती म्हणाली, "माष, आमचे मुत्तच्छन म्हणतात की धरण व्हायला हवे होते." मुत्तच्छन म्हणजे आजोबा. "त्या वेळी आमच्या घरी वीज नव्हती. कंदिलाखाली अभ्यास करून त्यांचे डोळे गेले, असे ते म्हणतात. चार माकडांसाठी माणसांना अंधारात ठेवले, असेही म्हणतात."

काही मुले हसली. गुरुजी मात्र हसले नाहीत. "तुझ्या मुत्तच्छनांचे म्हणणे खोटे नाही," ते म्हणाले. "या भागात तेव्हा विजेची फार टंचाई होती. कारखाने नव्हते, शेतीला पाणी हवे होते. धरण मागणारे लोक काही रानाचे शत्रू नव्हते. आणि रान वाचवा म्हणणारे लोकही विजेचे शत्रू नव्हते. म्हणून तर तो वाद दहा वर्षे चालला."

तो वाद साधा नव्हता. केरळ शास्त्र साहित्य परिषद या संस्थेचे कार्यकर्ते, ज्यांत शाळांचे शिक्षक पुष्कळ होते, गावोगाव जाऊन या रानाची माहिती सांगत. कवयित्री सुगतकुमारी यांची वृक्षाच्या स्तुतीची कविता त्या सभांच्या आरंभी म्हटली जाई. मुंबईचे थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी दरीला भेट देऊन योजना सोडण्याविषयी आवाहन केले. शेवटी सर्व बाजू तपासण्यासाठी प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुण्यात जन्मलेले माधव गाडगीळ हेही तिचे एक सभासद होते. १९८३ साली, श्रीमती इंदिरा गांधी पंतप्रधान असताना, योजना सोडून देण्याचे ठरले. १५ नोव्हेंबर १९८४ रोजी ही दरी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. इंदिराजींची हत्या होऊन तेव्हा पंधराच दिवस झाले होते. पुढे २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत हे रानही आहे.

"मग वीज कोठून आली?" मोठ्या आवाजाच्या मुलाने अगदी हळू आवाजात विचारले.

"दुसरीकडून," गुरुजी म्हणाले. "तीही कोठल्या तरी नदीची, नाहीतर कोळशाचीच. त्या नद्यांची आणि त्या खाणींची गोष्ट आपण अजून पाहिलेली नाही."

वाटाडे इतका वेळ कठड्याला टेकून उभे होते. ते म्हणाले, "मी तेव्हा लहान होतो. मोठी माणसे म्हणत, रस्ता होईल, काम मिळेल. आमच्यापैकी कितीकांना ते हवेच होते." थोडे थांबून ते पुढे बोलले, "आता मी रोज तुमच्यासारख्यांना घेऊन येतो. हेही कामच आहे. माझा बाप या रानात मध काढी. मी नावे सांगतो."

दुपारनंतर मुले परतीच्या वाटेला लागली. जीपमध्ये कोणी ओरडले नाही; निम्मी मुले तर झोपूनच गेली होती. जेथे सकाळी निलगिरी वानरे पळाली होती, त्या वळणावर मोठ्या आवाजाचा मुलगा जागा राहून झाडांकडे पाहत होता. तेथे कोणीच नव्हते.

मन्नारकाडला गाडी पोहोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. पुलावरून जाताना दुकानांतील व रस्त्यावरील विजेचे दिवे लागलेले दिसले आणि पुलाखाली कुंतीचे पाणी काळे झालेले दिसले. त्या मुलीने खिडकीतून डोके बाहेर काढून ते पुन्हा एकदा पाहिले.

घरी मुत्तच्छन पडवीत बसले होते. पाय धुऊन होण्याच्या आतच तिने सारे सांगण्यास सुरुवात केली. जळू, धनेश, अकरा उंबरे, चौदा सिंहवालन, वळसा घालून गेलेली मादी, मुठीतून ओघळलेले पाणी. धरणाचे मात्र ती लगेच बोलली नाही. ते बोलावे की नाही, हे तिला ठरविता येईना. शेवटी तिने तेही सांगितले आणि माष काय म्हणाले तेही सांगितले. मुत्तच्छन ऐकत होते. आपल्या नातीचा हात त्यांनी हातात घेतला, नखांत अडकलेली काळी माती अंगठ्याने चाचपून पाहिली व नाकाजवळ नेली.

"चढण फार आहे का ग तेथे?" त्यांनी विचारले.

"नाही, मुत्तच्छा. सैरंध्रीपर्यंत जीप जाते."